पाच तारा आणि आठ बटणं

"बटणं आठ, आणि तारा पाचच? आबा, हे जमतं तरी कसं?"

जुना कंट्रोलर उघडून शाल्मली चक्रावून गेली होती. साल होतं २०५८. घरोघरी पडद्यावरचे खेळ डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालत. पण नाशिकच्या टिपणीसांच्या घरी अजून आबांची करड्या रंगाची खेळपेटी होती, आणि तिला पोर्टमधून (कंट्रोलरची तार जोडायच्या खाचेतून) आलेलंच तेवढं कळे.

आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शास्त्रज्ञ. तिच्यावरच्या खेळात त्यांना कुणीच हरवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना कोण तोरा! पण गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून पेटीवर कापड. "आता कसला खेळ!" म्हणायचे. शाल्मलीला ते ऐकवत नसे. आबांसाठी पायानं चालणारा कंट्रोलर बनवायचा म्हणजे बनवायचाच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"आठ बटणांना पाच तारा? अशक्य," घरातला यंत्रमानव खटप्या म्हणाला.

"तू गप रे, दीडशहाण्या!" आबा म्हणाले. "शाल्मे, तुमच्या पवारबाई हजेरी कशी घेतात?"

"नावं नाही घेत. आधी ओरडतात, 'जागेवर! कुणी हलायचं नाही!' मग टेबलावर डस्टर आपटतात. एकदा आपटला की पहिला 'हजर' म्हणतो, पुन्हा आपटला की दुसरा."

"अगदी तस्संच! दोन तारा विजेच्या, एक येणारी, एक परतणारी. उरल्या तीन. एकीवरून पेटी हुकूम सोडते, 'हलू नका!' तो लॅच (बटणांची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारा इशारा). दुसरीवरून डस्टर आपटते, ते क्लॉक (एकामागून एक येणारे विजेचे ठोके). हे दोन्ही पेटीचं आउटपुट. तिसरीवरून उत्तर येतं, बटण दाबलंय की नाही. ते इनपुट. आणि ही चिप बघ, शिफ्ट रजिस्टर (ठोक्यागणिक रांग एक घर पुढे सरकवणारी). ती एकेकाचं उत्तर सोडते. पापणी लवेपर्यंत अशा कितीतरी हजेऱ्या होतात!"

"म्हणजे सगळे एकदम बोलतच नाहीत, म्हणून एक तार पुरते!" शाल्मली उडालीच.

मग काय, खटप्यानं मोठाली पेडलं बनवून दिली. शाल्मलीनं वितळलेल्या धातूचा जपून डाग देत तारा चिपला जोडल्या. बाण आबांच्या डाव्या हाताशी, उडी आणि वार पायाशी.

दुसऱ्या दिवशी हो-ना करत आबांनी उडीच्या पेडलवर पाय ठेवला. पडद्यावरचा गडी उडी मारायचं सोडून आभाळाकडे बघत उभा! त्यांनी उजवा बाण दाबला, तर खेळच थांबला.

आबांचा चेहरा उतरला. "राहू दे गं बाळा," म्हणत त्यांनी कापडाकडे हात नेला.

शाल्मलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्यात तिला सोमवारचा वर्ग आठवला. ती आणि जुईली जागा बदलून बसल्या होत्या. जुईली पाणी प्यायला गेली होती आणि गैरहजेरी लागली शाल्मलीची. कारण बाई मान वर करतच नाहीत, नुसता क्रम मोजतात.

"थांबा आबा! मी बाणांना पुढे बसवलं, ते जास्त लागतात म्हणून. पण पेटी आधी उडीला विचारते ना?"

"आधी उडी, मग वार, मग निवडायचं नि खेळ थांबवायचं बटण. बाण सगळ्यात शेवटी," आबा हसू दाबत म्हणाले. त्यांना चूक केव्हाच कळली असावी.

"म्हणजे उडीची हजेरी वरच्या बाणाच्या नावावर लागली!" शाल्मलीनं तारा सोडवून क्रमानं लावल्या. आबांनी पाय दाबला आणि गड्यानं अशी टणकन उडी मारली म्हणता! दरी पार, भिंत पार. तासाभरात शाल्मली सपशेल हरली, आणि हरूनही तिची छाती अभिमानानं फुगली होती.

"माझी नात आहे ही!" आबा खटप्याला सुनावत होते. "आणि ते कापड फरशी पुसायला घे."

"आबा, हात आहे की पाय, पेटीला कळलंच नाही," शाल्मली म्हणाली. "समोरच्या अन्वीची नुसती मान हलते. तिच्यासाठी मानेचं बटण करूया?"

"करूया की! पण आधी अजून एक डाव." आबांनी पाय उचलून पेडलवर दाणकन आपटला. "हजर!"