तुपाच्या डब्याचा उजेड

"कापा सगळं," वगदीसाहेब खालून म्हणाले, आणि शिडीवरच्या माणसानं झिरमिळ्यांची दोरी कचकन कापली.

रमजानसाठी लिंबू गल्लीतल्या पोरांनी आठवडाभर खपून केलेल्या रंगीत झिरमिळ्या धुळीत पडल्या. मधला मोठा कंदील त्यांच्यावर आदळून फुटला. नेस्मा तेरा वर्षांची होती, आणि तिचा राग गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. ती तडक साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आमची सजावट का तोडली?"

"तुझ्या भावाला विचार," वगदीसाहेब म्हणाले. ते पालिकेचे इंजिनियर. जुने पिवळे दिवे काढून शहरभर एलईडी दिवे बसवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "रगब या सजावटीसाठी खांबातून वीज चोरतो. म्हणून तुमच्या गल्लीतले नवे दिवे रात्री लागत नाहीत."

"खोटं! वायर आमच्या घरातून येते."

"असं? मग हे बघ."

त्यांनी खूण केली. कोपऱ्यावरच्या खांबावर एक पेटी होती आणि तिच्यावर काचेचा वाटोळा डोळा. शिडीवरच्या माणसानं त्या डोळ्यावर आपली टोपी ठेवली. थोड्या वेळानं गल्लीतले सगळे दिवे भर उन्हात लागले. टोपी उचलली, तसे विझले.

"अंधार पडला की हा डोळा दिवे लावतो, उजाडलं की विझवतो. डोळा ठणठणीत, दिवे ठणठणीत. मग रात्रीच कसे बंद पडतात? तुम्हीच काहीतरी उद्योग करता! रविवारी हे दिवे काढून दुसऱ्या गल्लीला देतो, आणि रगबवर पोलिसात तक्रार."

रगबला नुकतीच बंदरात नोकरी लागली होती. चोरीची तक्रार झाली की ती गेलीच.

"आणि माझ्या आईचा हात मोडला, त्याचं काय?" बिशोयनं विचारलं. बिशोयचं घर ख्रिस्ती. पण रमजानात गल्लीत जे इफ्तारचं टेबल मांडतात, त्यावर त्याच्या आईचा, तेरेझ मावशींचा, मॅकरोनीचा ट्रे दर वर्षी ठरलेला. काल तोच ट्रे घेऊन येताना त्या अंधारात पडल्या होत्या.

"तेही रगबच्याच खात्यात," असं म्हणून साहेब गाडीत बसले.

रमजानात कचेऱ्या दुपारीच बंद होतात. साहेबलोक गल्लीत येणार ते उन्हात, आणि अंधार पडतो तेव्हा ते आपापल्या घरी ताटावर. अंधाराची तक्रार उजेडात तपासायची आणि वर चोरही ठरवून टाकायचा! नेस्माला तर त्या गाडीमागे दगड घेऊन धावावंसं वाटत होतं.

त्याऐवजी ती बिशोयला घेऊन झीझोच्या गच्चीवर गेली. झीझो गल्लीतला सगळ्यात खादाड मुलगा. तो कबुतरांना दाणे टाकत होता.

"पण मंगळवारी लागले होते दिवे," सगळं ऐकून तो म्हणाला.

"तुला ताटाबाहेरचं काही दिसतं तरी का रे?" बिशोय म्हणाला.

"अरे, खरंच! मी कबुतरं कोंडायला आलो होतो. आईनं ईदसाठी हिवाळ्यातली मोठी रजई धुऊन या दोरीवर घातली होती. तेव्हा दिवे चालू होते. आईनं रजई काढली, मी घडी घालायला धरली, आणि बघतो तर खाली अंधार."

नेस्मानं दोरीकडे पाहिलं. दोरीच्या एका अंगाला खाली खांबावरचा तो काचेचा डोळा. दुसऱ्या अंगाला, मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीच्या माथ्यावर, जाहिरातीचा भलामोठा फलक. त्यावर एक गुबगुबीत नट तुपाचा डबा छातीशी धरून हसत होता.

"हा कधी लागला?"

"रमजानच्या पहिल्या दिवशी. सूर्य मावळायच्या आत त्याचे दिवे लागतात. डोळ्यांवर तिरीप येते नुसती."

"आणि आपले दिवे कधीपासून बंद आहेत?"

झीझोच्या हातातले दाणे तसेच राहिले. फलकाचा झोत सरळ त्या डोळ्यावर पडत होता. गल्ली पुढे वळत असल्यामुळे खाली मात्र त्यातला काडीचा उजेड पोचत नव्हता.

"म्हणजे तो डोळा तुपाच्या डब्याला सूर्य समजतो," बिशोय म्हणाला.

त्यांनी झीझोच्या आईच्या मोबाईलवरून वगदीसाहेबांना फोन केला. नेस्मानं सगळं नीट सांगितलं.

"रजईनं दिवे लागतात?" साहेब हसले. "रोज्यानं डोकं फिरलंय तुझं, पोरी. जा, झोप जरा." आणि फोन बंद झाला.

नेस्माचे कान तापले. "एकदा अंधारात येऊन बघ म्हणावं! पण हा माणूस संध्याकाळी यायचाच नाही."

"येतो की," झीझो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून रोज कुनाफा नेतो. अजानच्या अगदी तोंडावर येतो आणि गाडी दामटत जातो."

"तुला बरं माहीत!"

"रोज त्याच्या पुढे रांगेत मीच असतो."

शनिवारी संध्याकाळी वगदीसाहेब कुनाफ्याचा डबा घेऊन गाडीत बसले, तेव्हा गाडीसमोर झीझो उभा होता. एका हातात खजुरांची थाळी, दुसऱ्या हातात चिंचेच्या सरबताचा जग. तेवढ्यात मशिदीतून अजान सुरू झाली.

"रोजा सोडल्याशिवाय नाही जाऊ देणार, साहेब. शप्पथ!"

"बाजूला हो. घरी वाट बघतायत."

पण अजान ज्याला रस्त्यात गाठते, त्या माणसाला उपाशी जाऊ देणं म्हणजे सगळ्या गल्लीची बेअब्रू. आजूबाजूची माणसं धावली. कुणी दार उघडलं, कुणी दंडाला धरलं. टेबल मांडणारे मेतवल्ली काका स्वतः आले. "आमच्या घासाला नाही म्हणता, साहेब?" यावर कुठला माणूस नाही म्हणणार? साहेबांना आणून टेबलाशी बसवलं, ते नेमकं रगबच्या समोर.

सूप झालं. भात आला. बघता बघता गल्लीत काळोख दाटला. साहेबांचा हात पाण्याच्या पेल्याला लागला आणि पेला कलंडला.

"अरे, दिवे लावा की कुणीतरी," ते वैतागून म्हणाले.

"तुम्हीच लावा," नेस्मा त्यांच्या शेजारून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सजावट तुम्ही तोडलीत. वायर एकसुद्धा नाही. रगब तुमच्यासमोर बसलाय, हात भाकरीवर आहेत त्याचे. मग आता कोण चोरतंय वीज? सांगा ना!"

नेस्मानं मान वर केली आणि हाक मारली, "बिशोय, टाक!"

गच्चीवर बिशोयनं रजई दोरीवर पसरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खांबाखांबावरचे दिवे लागले, अगदी गल्लीच्या टोकापर्यंत. ताटं, माणसं, साहेबांची भिजलेली विजार, सगळं लख्ख दिसू लागलं.

"काढ!"

रजई निघाली, आणि थोड्याच वेळात पुन्हा काळोख. साहेबांनी वळून वर पाहिलं. गच्चीपलीकडे तो नट डबा धरून हसत होता.

"परत टाक रे बाबा," मेतवल्ली काका म्हणाले. दिवे लागल्यावर त्यांनी नेस्माच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही एवढे मोठे लोक रोज अंधारात चाचपडत जेवलो, पण मान वर करून बघायची बुद्धी एकालाही झाली नाही. पोरांनो, जिंकलंत."

"हुशार आहात," वगदीसाहेब घसा खाकरत म्हणाले. "उद्या डोळ्याचं तोंड फिरवून घेतो. शाबास."

"शाबासकी राहू द्या," नेस्मा म्हणाली. "माझ्या भावाला चोर म्हणालात, ते सगळ्यांसमोर म्हणालात."

"तक्रार करणार नाही, म्हटलं ना."

"कुठे म्हणालात?" नेस्मा म्हणाली.

साहेबांनी मेतवल्ली काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय. आमच्या ताटावर बसलात, आता बोला."

वगदीसाहेब उठून उभे राहिले. "रगबनं वीज चोरलेली नाही," ते म्हणाले. मागच्या लोकांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "चूक माझी होती. मी संध्याकाळी येऊन बघायला हवं होतं."

रगबनं बाहीनं डोळे पुसले.

साहेब कुनाफ्याचा डबा उचलून गाडीकडे निघाले, तर वाटेत बिशोय. तो धापा टाकत गच्चीवरून उतरला होता.

"आई आमच्या घरी वरच्या मजल्यावर आहे, तिलाही सांगा," तो म्हणाला. "हात प्लास्टरमध्ये आहे, खाली येता येत नाही. जिन्यात दिवा नाही, साहेब. भिंतीला धरून चढा."

एका हातात डबा आणि दुसरा हात भिंतीवर, असे साहेब एकेक पायरी चढू लागले. वरून तेरेझ मावशींशी बोलल्याचा आवाज येईपर्यंत नेस्मा जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, आणि मग जेवायला गेली.