साखऱ्याचा माळ

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात हिंगोलीजवळच्या गोरेगावहून साखऱ्याला निघालेल्या जीपमध्ये मी दाटीवाटीने बसले होते. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर एक कोकरू होतं. मी बाहेर बघत होते, तेवढ्यात कोकराने माझ्या हातातल्या कागदाचा कोपरा खाऊन टाकला.

"अहो, माझं संशोधन आहे ते—"

"माफ करा मॅडम... काय लिहेल हाय त्याच्यात?"

सव्वाशे वर्षांपूर्वी हिंगोलीच्या छावणीतला एक इंग्रज अधिकारी या वाटेने गेला होता. त्याच्या रोजनिशीवर मी पीएच.डी. करत होते.

"साखऱ्याचा माळ ओसाड, निनावी आहे म्हणतो."

तो हसला. डोळ्यांनीच जास्त. "साहेबानं कोणाला इचारलंच नसंल. उद्या चला, मी सांगतो नावं."

त्याचं नाव शिवशंकर. घरची मेंढरं राखायचा. मी त्यांच्याकडेच उतरले. त्याची आई नर्मदाबाई मला पहाटे गरम भाकरी बांधून द्यायची. आठ दिवस आम्ही माळ पालथा घातला. लांडगदरा, सासुरवाशिणीचा दगड... प्रत्येक खळग्याला नाव होतं, नावामागे गोष्ट होती. लिहिता लिहिता मान वर केली की तो पाहत असायचा.

"काहून थांबलात?"

"तुम्ही असं पाहिलं की सुचत नाही."

"मग मेंढरांकडं पाहतो," म्हणायचा... आणि माझ्याकडेच पाहायचा.

नवव्या दिवशी मी निघाले. लंडनमधले जुने कागद वाचायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती.

"थांबवाल, असं वाटलं होतं..."

"मनात लई हाय. पण ते कागद आमच्याबद्दलचे हायेत. कोणीतरी वाचाया पायजेत."

दोन वर्षांनी औरंगाबादला माझ्या विद्यापीठात परतल्यावर त्याला पत्र टाकलं— आले आहे. उत्तराची वाट पाहवेना. पाचव्या दिवशी मीच साखरा गाठलं. माळावर मेंढरांमागे नर्मदाबाई एकट्याच होत्या.

"अगं माय, तो तर सकाळीच औरंगाबादला गेला... तुला भेटाया."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धुळीने भरलेला, माळ चढून आला.

"विद्यापीठात म्हणले, बाई हिंगोलीकडं गेल्या."

"मग?"

"मग काय... उलट्या पावली आलो. किती दिवस राहाल?"

"लग्न होईपर्यंत आईंची पाहुणी. पुढचं तुम्ही ठरवा."

तो कानापर्यंत लाल झाला आणि उगाचच, नीट चरणाऱ्या मेंढरांना हाका मारत पलीकडे निघून गेला. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्याला तसं लाजताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.