उजवा खुबा

शाळेची सहल म्हटली की पोरांना माकडचेष्टा करायला निमित्त लागत नाही. या संग्रहालयात मात्र त्या करायला तिकीट होतं, आणि रांगही लागायची. रांगेच्या टोकाशी ‘चालकवच’ होतं, कंबरेपासून पावलांपर्यंत बांधायचा हलका सांगाडा. जीवाश्म हाडांवरून संगणक त्या जिवाची चाल काढी आणि कवचातल्या मोटारी ती कवच घालणाऱ्याच्या पायांत उतरवत. मग नववीतला धट्टाकट्टा मुलगाही बदकासारखा डुलू लागे आणि बाकीची पोरं पोट धरून हसत.

ही चाल होती ‘कासारखेडच्या बाई’ची. लाखो वर्षं नदीच्या थरात पडून राहिलेला तिचा डावा खुबा आणि डाव्या मांडीचं हाड, एवढ्या शिदोरीवर डॉ. केतकी बिवलकर यांनी उभी हयात काढली होती. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या उखळीत बसतो, ती या खुब्यात फारच उथळ होती. झाडावरून उतरलेला, पण अजून धड उभा न राहिलेला आपला पूर्वज तो हाच, असं केतकीताईंनी मांडलं आणि ही बाई वानर आणि माणूस यांच्यामध्ये जाऊन बसली. उजवा खुबा सापडलाच नव्हता. आरशात दिसावा तसा डावाच उलटा करून त्यांनी तो संगणकावर घडवला. त्या शास्त्रात तशी रीतच आहे. शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यात विचारायचं काय?

आज माइक खुद्द केतकीताईंच्या हातात होता. मुलं हसली की त्यांनाही चेव यायचा, मधूनच त्या स्वतः डुलून दाखवायच्या. सगळ्यात शेवटी जुई खंदारे आली, डाव्या पायाने लंगडत.

“तू राहू दे गं,” तिचे घुगे सर म्हणाले.

“मला बी घालायचंय.”

केतकीताईंनी कौतुकाने पट्टे बांधले. कवचाला किती जोर लावावा लागतो ते पडद्यावर दिसे. इतरांच्या वेळी दोन्ही पायांच्या रेघा लालभडक होत. जुईने पावलं टाकली आणि डावीकडची रेघ झटकन हिरवी झाली.

“अगदी जुळलं!” केतकीताई माइकवर ओरडल्या. “इतकी हुबेहूब चाल आजवर कोणाचीच निघाली नव्हती!”

“कासारखेडची बाई!” मागून कोणीतरी म्हणालं, आणि दालन हशाने दणाणलं. “ए, गप्प बसा,” सर म्हणाले खरे, पण हसू त्यांनाही आवरेना. जुई हसली नाही आणि रडलीही नाही. आपण काय बोलून बसलो हे केतकीताईंच्या ध्यानात आलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. खाली बसून त्या पट्टे सोडू लागल्या.

“दुखलं का गं?”

“डावीकडं न्हाई. उजवीकडंच उगं वढतंय. माझा उजवा पाय चांगलाय की.”

“आणि डाव्याला काय झालं?”

“जन्मापासनं उखळी उथळ हाय. तवाच कळलं असतं तर नीट झालं असतं, असं डॉक्टर म्हनले.” जुईने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. “त्या बाईला बी तसंच असंल. मंग तिचा उजवा पाय कशापायी बिघडवला तुमी?”

केतकीताई उठून संगणकाशी गेल्या. त्यांनी आरशातला उजवा खुबा पुसला आणि तिथे तुमच्याआमच्यासारखा खोल उखळीचा खुबा बसवला. डाव्या हाडावरची एक झीज त्यांच्या हिशेबात कधीच बसली नव्हती. ‘मातीने खाल्लं असेल’ म्हणत त्यांनी ती सोडून दिली होती. आता ती तंतोतंत बसली: वर्षानुवर्षं लंगडत चालल्याचीच ती झीज होती. पडद्यावरची बाई ताठ उभी राहिली आणि एका पायाने लंगडत, पण सरळ चालत गेली.

मधला दुवा अर्धवट नव्हताच. आपल्या काळात ती पुरती उभी होती, तिच्या जातीचे सगळेच असणार. तिचं दुखणं अख्ख्या जातीच्या माथी मारून केतकीताईंनी नाव मिळवलं होतं, वर तिकीट लावून पोरांना तिच्यावर हसवलं होतं. आता हे कबूल करायचं म्हणजे जन्माची कमाई मातीत जाणार होती. तरीही त्यांनी माइक उचलला.

“मुलांनो, माझी फार मोठी चूक झाली...”

आवाज रिकाम्या दालनात घुमला. डबे खायला वर्ग केव्हाच पुढे गेला होता. जुईसाठी कोणीही मागे राहिलं नव्हतं.

“ती बाई लवकर मेली का, मॅडम?”

“नाही गं. झीज बघ ना, कितीतरी वर्षं चालली ती. म्हातारी झाली.”

“आन् बाकीचे पुढं जात असतील तवा?”

“थांबत असले पाहिजेत तिच्यासाठी. एकटी कशी जगली असती?”

जुईने दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या उत्क्रांतीच्या मोठ्या तक्त्याकडे.

“माणसाची शेपटी कवा गेली ते लिवलंय तिथं,” ती म्हणाली. “हे थांबायचं कवा गेलं, मॅडम?”