पाळीवरची अकरा मिनिटं

सकाळी ढिवरटोली या मासेमारांच्या वस्तीतल्या बाया शिंगाडे काढायला तलावाकडे निघाल्या, की प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याला ओवलेला एक राखाडी मणी असे. वाटाण्याएवढा. पहिल्या महिन्यात त्या तो उगीच चाचपून बघत. दिवाळी येईपर्यंत तो गळ्यात आहे हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि कौमुदी कानडेला नेमकं हेच हवं होतं.

कौमुदी मानववंशशास्त्राची संशोधक होती. माणसं एकत्र कशी जगतात, कशी बोलतात, हे तिथं राहून समजून घेणं हा तिचा अभ्यास. पूर्वीचे संशोधक वही घेऊन गावात बसत आणि वही दिसली की लोक जपून बोलत. हा ‘नादमणी’ कोणाच्या लक्षातच येत नसे. तो शब्द साठवत नव्हता. आवाजाचा चढउतार, गप्प राहण्याची वेळ, पावलांचा ठेका आणि ठिकाण, एवढंच तो टिपून घेई. टोलीतल्या एकतीस बायांना कौमुदीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “यात तुमचं बोलणं राहणार नाही, नावही राहणार नाही. नकाशावरची कोणती रेघ कोणाची, ते मलासुद्धा कळणार नाही.”

ती खोटं बोलली नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

वर्ष संपल्यावर संगणकानं एकतीस रेघांचा नकाशा काढला. बाया कुठं हसतात, कुठं गाणं म्हणतात, कुठं भांडतात, सगळं रंगांत उमटलं होतं. फक्त पश्चिमेच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जिथं गाळ काढून तलाव खोल केला होता, तिथं चाळीस पावलं सगळ्याच रेघा फिक्या पडत. तिथं कोणीही बोलत नव्हतं. कौमुदीनं त्याला ‘मौनपट्टा’ असं नाव दिलं. तिथं एखादं जुनं देवस्थान असावं, असा तिचा अंदाज होता.

जे सापडेल ते आधी टोलीला दाखवायचं, मग छापायचं, हा तिचा नियम. एका दुपारी समाजमंदिराच्या भिंतीवर तिनं नकाशा लावला. बाया आपल्याच चालण्याकडे कौतुकानं बघत होत्या. मौनपट्टा आला आणि बसलेल्या सगळ्याच गप्प झाल्या.

“इथं कोणता देव आहे का, मावशी?” कौमुदीनं पुढं बसलेल्या पार्बताबाईला विचारलं.

“देव नाही,” पार्बताबाई म्हणाली. “माझी पोरगी रंजना तिथंच बुडाली. आठ वर्षं झाली.” मग ती भिंतीकडे बघत राहिली. “मला वाटे, मीच तेवढी गप्प होते. ह्या साऱ्याच होत्या?”

एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. क्षणभर कौमुदीला वाटलं, या यंत्रानं काहीतरी चांगलं केलं.

पण पार्बताबाईची नजर एका रेघेवर थांबली होती. बाकीच्या तीस रेघा पट्टा ओलांडून पुढं जात होत्या. ही एक रोज परतताना सगळ्यांच्या मागं राहून तिथं उभी राहत होती, अकरा मिनिटं. तिच्या पावलांचे ठिपके एक लांब, एक तोकडं, एक लांब, एक तोकडं असे पडले होते. टोलीत तशी चाल एकीचीच होती.

“वच्छला,” पार्बताबाई वळून न बघता म्हणाली, “तू रोज तिथं काऊन थांबते?”

लंगडणारी वच्छला दाराजवळ बसली होती. पार्बताबाईच्या शेजारची. रंजना गेल्यापासून ती रोज पार्बताबाईबरोबर पाण्यात उतरे आणि आपल्यातले ओंजळभर शिंगाडे न बोलता तिच्या टोपलीत टाके.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “पोलिसाला मी घरी होते म्हणून सांगितलं. मीच तिला म्हटलं, तिकडं वेल दाट आहे, चल. तिचा पाय सुटला. हात धरला होता मी, वहिनी. मग माझाही पाय सुटायला लागला.”

“आणि सोडला.”

“हाव.”

पार्बताबाई ओरडली नाही. “सकाळी मी तिला रागावले, म्हणून ती एकटीच निघून गेली, असं मी आठ वर्षं धरून बसले,” ती म्हणाली. “तुला माहीत होतं, मी काय धरून बसले ते.”

वच्छलानं मान खाली घातली. त्याच आठवड्यात ती भावाकडे साकोलीला निघून गेली. घराला कुलूप लागलं.

कौमुदीनं ती रेघ पुसली. मग सगळा नकाशाच पुसला, लेख छापायला दिला नाही. शब्द आणि नावं काढून टाकली म्हणजे माणूस लपतो, असं ती आतापर्यंत शिकत आणि शिकवत आली होती. जिथं सगळे एकमेकांना पावलांवरून ओळखतात, तिथं ते खरं नव्हतं.

मणी परत घ्यायला ती टोलीत आली तेव्हा पार्बताबाई पाळीवरून एकटीच येत होती. टोपली अर्धीही भरली नव्हती. कौमुदी तिच्या पाया पडायला वाकली.

“राहू दे,” पार्बताबाई म्हणाली. “तुझ्यावर राग नाही. पोरगी माझ्या रागामुळं गेली नाही, एवढं तरी कळलं. रातची झोप येते आता.” टोपली खाली ठेवून ती दगडावर बसली. “पण दिवस जात नाही. आठ वर्षं माझ्यासोबत पाण्यात वच्छलाच होती. दुसरं कोणी नव्हतं.”

कौमुदी शेजारी बसली. तलावावरून वारा येत होता.

“तिच्या भावाचा नंबर आहे माझ्यापाशी,” पार्बताबाई म्हणाली. “रोज फोन हातात घेते, ठेवून देते. तू एवढी शिकलेली, माणसं वाचते. सांग पोरी, तिला परत ये म्हणू का नको?”