बोंडलं

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे लंडनच्या क्रॉयडनमध्ये खरंच घडलंय. मागच्या नोव्हेंबरात. देवयानी आणि तिचा नवरा अनुप अजूनही त्याच फ्लॅटमध्ये राहतात.

देवयानी एका म्युझियमच्या गोदामात जुनी भांडी साफ करते. तेव्हा एका प्राचीन ग्रीक वस्तीतलं सामान आलं होतं. दिवे, वाडगे, काळवंडलेली मडकी. तिची मॅटर्निटी लीव्ह नुकतीच संपली होती. लंच ब्रेकमध्ये ती तिथेच कोपऱ्यात बसून तान्ह्या सान्वीसाठी दूध काढून ठेवायची.

त्या दुपारी तिच्या सहकारी साराने एक इवलंसं, चोचीचं भांडं उचललं.

"दिव्यात तेल घालायचं असेल," सारा म्हणाली.

देवयानीला हसू आलं. "अगं, हे तर बोंडलं आहे. आमच्याकडे बाळांना यातून दूध पाजतात."

सारा चहाला गेली. देवयानीला राहवेना. नियम धाब्यावर बसवून तिने दोन थेंब दूध त्यात टाकलं.

सवयीने तोंडातून निघालं, "घे गं बाळा."

हीटरची घरघर थांबली...

चुट्... चुट्...

तिने घाबरून बोंडलं कलतं केलं. आत थेंबही नव्हता.

चोच ओली होती.

"माती आहे, शोषून घेणारच," तिने स्वतःला समजावलं.

त्या संध्याकाळपासून सान्वी दूध पिईना. रडायची नाही. तोंड लावायची, मान वळवायची आणि आईच्या दुसऱ्या, मोकळ्या कुशीकडे बघत राहायची...

टक लावून.

डॉक्टरांना काही सापडेना. "टीदिंग असेल गं, डोन्ट वरी," अनुप म्हणायचा. पण पोरगी डोळ्यांदेखत सुकत चालली होती. देवयानीचा जीव तिळतिळ तुटत होता.

ते बोंडलं खोक्यात बंद होऊन परत गेलं. तरीही सान्वी पिईना.

शेवटी एका संध्याकाळी देवयानी सान्वीला घेऊन सोफ्यावर बसली. मोकळ्या कुशीकडे बघून हळूच म्हणाली, "बरं. तूपण ये."

तिची दुसरी मांडी जड झाली...

आणि सान्वी घटाघटा प्यायली.

अनुपला कोण आनंद झाला. ढेकर काढायला त्याने सान्वीला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटू लागला.

समोर देवयानीही थोपटत होती.

तिच्या खांद्यावर कुणीच नव्हतं.

"काय करतेयस तू?" त्याने विचारलं.

तेवढ्यात ढेकर आला...

सान्वीचा नव्हता.

आता सान्वी बाळसं धरून आहे, कपाने दूध पिते. देवयानी मात्र रोज संध्याकाळी त्या सोफ्यावर एकटीच बसते, एक मांडी जरा उचलून.

"हे कधीपर्यंत, देवयानी?" अनुपने परवा विचारलं.

"ती मोठी झाली की थांबवीन," ती म्हणाली.