पाचवा भाग

टीव्हीचं चित्र अजून लख्ख होतं, पण डोकं म्हातारं झालं होतं. बटण दाबलं की पडद्यावर चक्र फिरत बसायचं. शेवटी बाईंच्या लेकीनं नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी बोटभर लांबीची स्टिक आणली, टीव्हीच्या पाठीत खोचली आणि टीव्हीचं स्वतःचं नेट तोडून टाकलं.

"आता सगळं या नव्या रिमोटवरून, आई. जुन्याच्या वाटेला जाऊ नकोस. आत नुसता कचरा साठलाय."

त्या कचऱ्यातच बाबांचं खातं होतं. दोघींनाही ठाऊक होतं. बाईंच्या यजमानांना जाऊन तीन महिने झाले होते.

बाईंना औषधांच्या दुकानात काम करत बत्तीस वर्षं झाली होती. नाव, तारीख, डोस दोनदा वाचल्याशिवाय गोळी त्यांच्या हातून सुटायची नाही. एका दुपारी कामावरून आल्या, सवयीनं जुना रिमोट उचलला आणि टीव्हीचा मूळ पडदा उघडला. त्यावर यजमानांची मालिका होती, दीपस्तंभावरच्या राखणदाराची. दोघांनी मिळून चार भाग पाहिले होते. पाचवा लावायच्या आधीच त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं होतं.

चित्राखाली अक्षरं होती : भाग पाचवा. बाकी एकेचाळीस मिनिटं.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दुपारी पाहिलं, तर बाकी चौतीस.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"कसं शक्य आहे? टीव्हीला नेट नाही, खातं मी केव्हाच बंद केलंय. जुनं मशीन आहे, काहीही दाखवेल." मग तिचा आवाज खाली आला. "आई, जेवतेस ना नीट?"

बाईंना भीती वाटलीच नाही. राग आला. तीन महिने कोरडे राहिलेले डोळे भरून आले.

"मला टाकून गेलात ते गेलात," त्या पडद्याला म्हणाल्या. "आता मालिकाही एकट्यानंच बघायची?"

त्यांनी स्टिक उपटून बाजूला ठेवली. जुन्या रिमोटवरून मालिका लावून पाहिली, पण नेटशिवाय ती लागणार कुठून? मग त्या सोफ्यावर आपल्या कडेला बसल्या आणि नुसत्या त्या आकड्याकडे बघत राहिल्या. घरात फ्रीजची घरघर तेवढी होती.

तेहतीस. बत्तीस. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मिनिटाला मिनिट जुळत होतं.

सव्वीसवर दाराची बेल वाजली. शेजारीण होती. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारायला आली आणि दहा मिनिटं बोलत राहिली.

बाई परत आल्या.

सव्वीस.

त्या सोफ्यामागे उभ्या राहिल्या. घड्याळातलं एक मिनिट सरलं. मग दुसरं. आकडा जागचा हलला नाही.

"आले हो," बाई हळूच म्हणाल्या आणि आपल्या जागी टेकल्या.

पंचवीस.