सहा इंच जास्त

मी शिंपीण. गळ्यात टेप नसली की मला चुकल्यासारखं होतं. पण त्या चकचकीत फर्निचरच्या दुकानात विक्रेत्याने टेप बघितली आणि म्हणाला, "मॅडम, मापं घ्यायची नाहीत हं." जसं काही मी खुर्ची पिशवीत घालून नेणार होते!

त्या खुर्चीत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीचं हाड मोडल्यापासून तीन महिने त्या आधाराशिवाय उठल्या नव्हत्या. आता स्वतःहून उठल्या नाहीत तर पुढे उठणं कायमचं सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या खुर्चीतून त्या चक्क अर्ध्या उठल्या! किंमत ऐकून मात्र माझे डोळे पांढरे झाले.

मग काय, विक्रेत्याची पाठ वळली की मी मापं घ्यायची. उंची माझ्या गुडघ्याशी लावून, खुर्चीचे हात माझ्या कोपराशी लावून. रुंदी चार वीत. घरी येऊन कागद ह्यांच्या हातात दिला. ह्यांना सुतारकामाचा भारी नाद.

आणि ह्यांनी रुंदी मोजली स्वतःच्या वितीने! माझी वीत साडेसात इंच, ह्यांची नऊ. खुर्ची सहा इंच जास्त रुंद झाली.

"अहो, ही खुर्ची आहे की बाकडं?"

"ऐसपैस झालीय," हे गंभीरपणे म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. गादी आणि खोळ मी शिवली.

सासूबाई उजव्या कडेला चिकटून बसल्या.

"आई, मधे बसा की."

"नको गं. एवढी जागा पुरते मला."

तेव्हापासून घराचा नूरच पालटला. त्या गुणगुणायला लागल्या, ह्यांना टोमणे मारायला लागल्या. मला इतकं बरं वाटत होतं! एकदा त्या आंघोळीला गेल्यावर मी गादी झटकायला घेतली. डावी बाजू हाताला उबदार लागली. ऊन आलं असेल, म्हटलं. त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही, हे नंतर लक्षात आलं.

पंधरा दिवसांनी खोळ धुवायला काढली. कापड कुठे झिजलंय यावरून माणूस कसा बसतो ते मी सांगते, धंदाच आहे माझा. या खोळीवर दोघं बसत होते. उजवीकडचं माणूस हलकं. डावीकडचं चांगलंच जड, आणि पुढे सरकून बसणारं.

खोळ ह्यांना दाखवली.

"तूच बसत असशील."

"मी? मला बसायला फुरसत आहे कुठे?"

यावर हे हसले नाहीत.

आज सकाळी मी मशीनवर होते. "अगं, इकडे बघ!" सासूबाईंची हाक आली. मी धावले.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. हेही दारातच थांबले.

त्यांनी डावा हात पुढे केला आणि मूठ मिटली.

आधी गादीची डावी बाजू हळूहळू फुगून वर आली. इतका वेळ ती दबलेली होती, हे तेव्हा कळलं.

मग सासूबाई उठल्या. सरळ, कोणाच्याही आधाराशिवाय.

ह्यांनी टाळ्या पिटल्या. मी तर रडतच सुटले. जिंकलो होतो आम्ही!

सासूबाई खिडकीपर्यंत चालत गेल्या. डावीकडे, जरा वर बघत, छान हसत होत्या. मूठ मिटलेलीच होती, आणि कोणीतरी घट्ट धरल्यासारखी त्यांची बोटं पांढरी पडली होती.